काकांची निळी

देवानं माणसाला पाठ दिली ती केवळ टाचण्या मारायला, अशी पक्की समजूत असलेला या भूतलावर एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. म्हणजे आमचे काका. कर्जतजवळ दहिवलीला राहतात, ऐंशीला टेकलेत. अंगात कायम पांढरा हाफ शर्ट आणि खिशाच्या पट्टीवर डझनभर टाचण्या ओळीनं टोचलेल्या. लहानपणी त्यांनी प्रेमानं पोटाशी धरलं की आम्ही भावंडं किंचाळायचो, आणि आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, काका पोरांना चिमटे काढतात. त्यांच्या दारात गेलं की "ये" म्हणायच्या आधी ते "फिर बघू" म्हणतात. आपण फिरायचं. मग ते शर्ट मागून ओढून बघतात, खांद्याची शिवण बोटानं चाचपतात आणि निकाल देतात, "मागनं ढगळ हाय रं. पण असू दे, म्होरनं झ्याक दिसतोस." मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर तेव्हाही आधी फिरावं लागलं. पेढा नंतर.

हे वेड त्यांना नोकरीनं लावलं. तरुणपणी काका मुंबईत एका फोटो स्टुडिओत कामाला होते. गिरण्यांचे भोंगे जोरात वाजत होते तेव्हाची गोष्ट. गिरण्या साड्यांच्या जाहिराती करायच्या, कॅलेंडरं छापायच्या, आणि त्यासाठी देखण्या बाया या स्टुडिओत येऊन उभ्या राहायच्या. काकांचं काम त्यांच्या मागं उभं राहायचं. पोलकं सैल असलं की पाठीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ते घट्ट करायचं. निऱ्या कोसळू नयेत म्हणून आतून पुठ्ठा. खांदा उतरता असला की पदराखाली वर्तमानपत्राचा बोळा. उंची कमी पडली तर पायाखाली वीट आणि विटेवर साडीचा घोळ. "म्होरनं बघशील तर अप्सरा," काका सांगतात, "मागनं बघशील तर दोरीवरचं धुणं." पण सगळ्यात अवघड काम पदर उडवायचं. पंखा लावला तर केसही उडतात आणि बाई वादळात सापडल्यासारखी दिसते. म्हणून पदराच्या टोकाला काळा दोरा बांधायचा आणि चित्राच्या कडेबाहेर पालथं पडून तो अलगद हलवायचा. सोयरिकीच्या बोलण्यांत माझ्या आजोबांनी विचारलं, "मुलगा मुंबईला काय करतो?" तेव्हा काकांनी खरं तेच सांगितलं, "मी वारा हाय." आजोबांना वाटलं, पोरगा हवामान खात्यात चिकटलाय. सरकारी नोकरी आहे म्हणून त्यांनी मुलगी दिली.

या नोकरीतून काकांनी एक तत्त्व मात्र जन्माचं घेतलं. समोरून दिसतं तेवढंच करायचं. त्यांच्या घराची पुढची भिंत दर दिवाळीला रंगते आणि उरलेल्या तीन भिंतींना बांधल्यापासून ब्रश लागलेला नाही. मावशी चिडली की म्हणतात, "रस्ता म्होरनंच जातो ना गं?" बाजारात वांगी घेतली तर घरी आल्यावर टोपलीत त्यांचा चांगला गाल वर करून मांडतात. भाकरी करपली तर करपलेली बाजू खाली करून वाढतात आणि जेवणाऱ्यानं ती उलटली की त्यांना मनापासून वाईट वाटतं.

खालापूरकडच्या एका लग्नात नवरदेवाची शेरवानी दोन मापं मोठी निघाली. भाड्याची होती, परत पाठवायला वेळ नव्हता. वरमाईनं रडायचंच बाकी ठेवलं होतं. काकांनी पोराला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पाच मिनिटांत पाठीवर अकरा चिमटे लावून शेरवानी अशी बसवली की नवरीकडच्या बाया उठून बघायला लागल्या. "फकस्त वाकू नको," एवढंच त्याला बजावलं. आता लग्नात नवरदेवाला वाकू नको म्हणणं म्हणजे पोहायला जा पण भिजू नकोस! सासऱ्याच्या पाया पडायला बिचारा वाकला मात्र, आणि पाठीवरचे चिमटे फटाफट सुटले. एक भटजींच्या कानाला लागला, एक हळदीकुंकवाच्या ताटात पडला, एक अजूनही सापडलेला नाही. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "सरळ हो रं, अजून चार शिल्लक हायत!"

गौरीच्या दिवसांत मात्र दहिवलीत काकांना आमदारापेक्षा जास्त मागणी. आळीतल्या सगळ्या गौरींना साडी तेच नेसवतात. बायकांनी आधीपासून नंबर लावलेले असतात. गौरीसमोर काका अगदी शांत होतात, टाचण्या दातांत धरून एकेक निरी बोटांनी मोजत बसतात. मी एकदा विचारलं, "काका, इतक्या साड्या नेसवल्यात, सगळ्यात चांगली बाई कोणती?" गौरीकडे बोट करून म्हणाले, "हीच. उभी कर म्हटलं की उभी राहते, आन् मधेच पाणी मागत नाय."

हल्ली कर्जतला फार्महाऊसं आणि लग्नाआधीचे फोटो यांना नुसता ऊत आलाय. उल्हास नदीकाठचा कुठलाही खडक घ्या, त्यावर एक मुलगा एका मुलीकडे बघत उभा असतो. एका सकाळी काका तिकडून येत होते. फोटोवाल्यांनी जनरेटर आणून भलामोठा पंखा लावला होता, मुलीचे केस तोंडात जात होते आणि ती थुंकत होती. काकांच्याने राहवेना. "ए, वारा बंद करा!" अशी आरोळी ठोकून ते खडकावर गेले, कुणाच्या तरी बॅगेचा काळा दोरा उसवला, तो पदराला बांधला आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी खडकामागं पालथे पडून वारा झाले. फोटो असे आले म्हणे, की त्या मुंबईच्या पोरांनी त्यांच्या पायांना हात लावले. नवरी म्हणाली, "आजोबा, आमच्याबरोबर एक फोटो!" तेवढं ऐकलं आणि काका गायब. फोटोत उभं राहा म्हटलं की ते असेच पळतात. लग्नाच्या कुठल्याही अल्बममध्ये शोधा, काका फार तर नवरीच्या कमरेमागं वाकलेले, अर्धेमुर्धे दिसतील. "मी फोटोच्या भायेरचा माणूस," असं म्हणायचे, आणि आम्हाला तो विनय वाटायचा.

मावशीला मात्र तो विनय वाटत नसे. तिला त्याचं खरं कारण ठाऊक होतं, निदान तिची तशी खात्री होती. कारण म्हणजे निळी.

ही निळी आमच्या घराण्यात पन्नास वर्षं राहिली. झालं असं, की लग्नाच्या पहिल्याच वर्षी मावशीनं काकांची ट्रंक आवरायला काढली. तळाशी, धुतलेल्या पंच्यात नीट गुंडाळून ठेवलेलं, गिरणीचं एक जुनं कॅलेंडर निघालं. महिने फाडून टाकलेले, फक्त वरचं चित्र. निळी साडी नेसलेली एक बाई पाठमोरी उभी राहून जराशी वळली आहे, डोक्यावर पदर, हातात तेवतं निरांजन, पदराआडून एक डोळा आणि नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. कॅलेंडर तसं मावशीच्या ओळखीचं होतं. त्या काळी खालापूर तालुक्यात ते ज्या घरी नव्हतं ते घर गरीब समजायचे. प्रश्न पंच्याचा होता. बाकी सगळ्यांनी ते भिंतीवर खिळ्याला लटकवलं होतं, ह्यांनी पंच्यात का गुंडाळावं? मावशीनं सरळ विचारलं, "ही कोण?" काका कानांपर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "कोणी नाय."

तिथंच घात झाला. ज्या बाईबद्दल नवरा "कोणी नाय" म्हणतो ती बाई कोणीतरी असतेच, हे काय बायकांना शिकवावं लागतं? मावशीनं तिचं नाव निळी ठेवलं आणि तिला सवतीचा दर्जा देऊन टाकला. काकांनी आमटीला मीठ कमी आहे म्हटलं की "मग निळीला सांगा करायला." काका बाजारातून उशिरा आले की "निळी भेटली वाटतं." मावशीनं जन्मात निळी साडी नेसली नाही. पोरीनं दिवाळीला हौसेनं आणलेली सुद्धा शेजारणीला देऊन टाकली. काकांनी आळीतल्या यच्चयावत गौरींच्या निऱ्या केल्या, पण बायकोच्या पदराला त्यांना कधी एक टाचणी लावता आली नाही. "तुमच्या टाचण्या निळीला लावा." आणि सगळ्यात मोठं म्हणजे, नवऱ्याबरोबर फोटो काढायचा नाही. त्यांच्या लग्नात फोटोवाला नव्हताच आणि पुढं मावशी उभी राहिली नाही. काकांना दुसरं काही नको होतं. आपल्याजवळ बायकोचा आणि आपला मिळून एक फोटो असावा एवढीच त्यांची इच्छा, आणि तो विषय त्यांनी दर दोन-चार वर्षांनी काढायचा आणि तिनं "निळीबरोबर काढा" म्हणून मोडायचा. आम्ही हसायचो. माझ्या आईला मात्र हसू यायचं नाही, कारण निळीच्या नावानं धाकटी बहीण चुलीपुढं रडताना तिनं पाहिली होती.

मग गेल्या वर्षी लग्नाला पन्नास वर्षं झाली. नेरळला दिलेल्या त्यांच्या मुलीनं मोठा बेत आखला. हॉल ठरला, आचारी ठरला, आणि आमच्याकडे ज्याच्यावाचून बारसंसुद्धा होत नाही तो फ्लेक्सही ठरला. फ्लेक्सवर जोडप्याचा फोटो पाहिजे. फोटो तर नाहीच! फ्लेक्सवाला म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, मी जोडतो." त्यानं मावशीची मुंडी आधार कार्डावरून उचलली. काकांची मुंडी कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमातून उचलली, त्यात काका वाकून नवरीची साडी बसवत होते. आणि ही दोन डोकी कॉम्प्युटरमधल्या कुठल्याशा तयार जोडप्याच्या धडांवर बसवली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दहिवलीच्या नाक्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला. काका सुटाबुटात, छाती बैलासारखी, आणि ओठांत एक टाचणी. शेजारी मावशी, पंचवीस वर्षांच्या बाईच्या अंगावर सत्तरीचं डोकं. आणि त्या अंगावर साडी होती निळी.

मावशी दळण घेऊन येत होती. नाक्यावर थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग दळणाचा डबा पानवाल्याकडे ठेवून जी रिक्षात बसली ती थेट खालापूरला आमच्या घरी, आईपुढं येऊन उभी. "अक्का, बघ, शेवटी माझ्या जाग्यावर निळीच उभी केली त्यांनी," म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. आम्ही फ्लेक्सवाल्याची चूक, फ्लेक्सवाल्याची चूक, म्हणून घसा कोरडा केला, पण ऐकतंय कोण! "मी कार्यक्रमाला येत नाय. धड तिचं हाय तर मुंडीपन तिचीच लावा म्हणावं." नेरळहून पोरीचे फोन, ती घेईना. हॉलवर शेदोनशे माणूस येणार आणि नवरीच बसली बहिणीच्या पडवीत, पाठ फिरवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. दाढी वाढलेली, खिशाला एकही टाचणी नाही. टाचण्यांशिवाय काका मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला काळजी वाटली. काखेत पंच्याची गुंडाळी होती. ते आत आले, गुंडाळी सोडली आणि ते कॅलेंडर मावशीपुढं पसरलं.

"ही कोण, इचारलं होतंस ना?" काका म्हणाले. "ही मी हाय."

मावशीनं एकदा काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यांना डॉक्टरकडं ने रं," ती हळूच म्हणाली.

मग काकांनी सांगितलं. कॅलेंडर छापायला जायचं त्याच दिवशी फोटोची बाई आली ती गालफुगी घेऊन. दोन्ही गाल टम्म. स्टुडिओचे साहेब डोकं धरून बसले. साडी इस्त्री होऊन तयार, दिवे लागलेले. साहेबांनी वर बघितलं तर समोर काका, वीस-बावीस वर्षांचे, काटकुळे, हातात टाचण्यांची डबी. "मिशी काढ," साहेब म्हणाले. "पहिलीच मिशी होती रं," काका माझ्याकडे बघून म्हणाले, जणू त्यांना त्याचं अजून वाईट वाटत होतं. साडी त्यांनी स्वतःच नेसली, चिमटे साहेबांनी लावले. अर्ध्या तासात काम झालं. आणि मग ते कॅलेंडर गावोगाव गेलं. "तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या बापाच्या घरी भिंतीवर मीच टांगलेलो! तुझा बाप मला म्हणतो, बघा पावनं, कशी लक्ष्मी हाय. मी मान वर केली नाय. तुमाला वाटलं, पोरगा लाजाळू हाय."

"मग इचारलं तेव्हा सांगायचं होतं," मावशी म्हणाली.

"नवी नवरी तू. तुला काय सांगू, मी बाई होतो म्हणून? गावात कळलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं. आन् फेकून देववंना. माझा तेवढाच एक फोटो होता गं."

मावशीचा विश्वास बसला असेल असं वाटत असेल तर तुम्हाला माझी मावशी ठाऊक नाही. ती उठली, आईच्या कपाटातून एक साडी काढली आणि काकांच्या अंगावर फेकली. "नेसा."

काकांनी शर्टावरच साडी नेसायला घेतली. एक टाचणी नाही, आरसा नाही. बोटं सरसर चालली, निऱ्या पडल्या, पदर डोक्यावर आला. आईनं निरांजन म्हणून चहाची बशी हातात दिली. काका पाठमोरे झाले, आणि मग जरासे वळले. मी त्या चित्राकडे बघत होतो आणि काकांकडे बघत होतो. गालावर पांढरे खुंट, दंडाची कातडी लोंबतेय, पण मानेची ती कलती रेघ, बशी धरायची ती तऱ्हा, सगळं अगदी तेच. पडवीत निळी उभी होती.

मावशी आधी तोंडाला पदर लावून गदगदली. मग पदर सुटला आणि ती अशी हसत सुटली की आईला तिची पाठ चोळावी लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "अवो, पन्नास वर्सं," तिला बोलता येईना, "पन्नास वर्सं मी तुमच्यावरच जळत होते की!" मग थोडं सावरून, डोळे पुसत, तिनं पुन्हा चित्राकडे पाहिलं. "मेली दिसायला मातर माझ्यापेक्षा बरी होती."

"टाचण्या होत्या," काका म्हणाले.

मावशीनं त्यांच्या डोक्यावरचा पदर आपल्या हातानं काढला, साडी सोडवली, घडी घालून आईला दिली. मग मला म्हणाली, "मोबाइल हाय ना रं? चल अंगणात." मी गेलो. ती चाफ्याखाली उभी राहिली, जशी रिक्षातून उतरली होती तशीच, केस विस्कटलेले, साडी चुरगळलेली. काका सवयीनं तिच्या मागं गेले आणि पदर नीट करायला हात पुढं केला. "म्होरं या," ती म्हणाली. "राहू द्या चुरगळलेली." काका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. कधी मागं घेत, कधी पोटावर ठेवत. मी बटण दाबलं.

फोटो काही खास आला नाही. मागं दोरीवर टॉवेल आहे आणि एका कडेला आमच्या बंबाचा पाइप. काकांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. या फोटोत फ्लेक्सवरचा सूट नव्हता, निळी साडीही नव्हती. ते बायकोकडे बघत असतील असं मला वाटलं, पण ते स्वतःकडेच बघत होते. अंगठा त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर ठेवायचे आणि परत उचलायचे.

"मी असा दिसतो व्हय?" त्यांनी विचारलं. मला नाही, कुणालाच नाही.

मावशी त्यांच्या दंडाला धरून मोबाइलमध्ये डोकावली. "असंच दिसता," ती म्हणाली. "मला इचारायचं की. मी तर रोज बघते."